मोजपट्टीबाहेरच्या लढवय्या

गोवामुक्तीच्या इतिहासात बेळगाव येते ते बहुधा फौजेमुळे. डिसेंबर १९६१ मध्ये जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन इथे गोळा झाली आणि दोन दिवसांत काम फत्ते झाले. त्याआधी लोहियांच्या मडगावच्या सभेपासून पंधरा वर्षे लढा चालला होता. त्यातल्या स्त्रिया मात्र ‘महिलांचाही सहभाग होता’ एवढ्या एका वाक्यात उरकल्या जातात. तुरुंग आणि गोळी हीच मोजपट्टी धरली तरी त्या उण्या पडत नाहीत. मित्रा बीर यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसचे अधिवेशन भरवून सुधाताई जोशी अध्यक्षपदी उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय यांनी गोळ्या झेलल्या. पण मुळात ही मोजपट्टीच तोकडी आहे.

गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्या सालाझारशाहीची खरी तटबंदी सेन्सॉरची होती. लग्नपत्रिकासुद्धा त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. अशा राज्यात बातमी पोचवणे हेच आघाडीवरचे काम. २५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या रानातून एक गुप्त रेडिओ बोलू लागला, पुढे तो कॅसलरॉकला हलला. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी तो कोकणी आणि पोर्तुगीजमधून सहा वर्षे चालवला. कॅथलिक गोवेकर पोर्तुगालवर खूश आहेत, असे लिस्बन जगाला सांगत होते. लिबियांचे निवेदन आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांच्या पश्चात त्यांची भाची बेर्ता मिनेझिस ब्रागांझा यांनी सांभाळलेले ‘फ्री गोवा’ हे नियतकालिक या दाव्याला घरातूनच खोटे पाडत होते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, गोवा लष्कराने घेतला, रेडिओने नव्हे. कबूल, पण १९ डिसेंबरला शरणागतीची वार्ता लोकांना द्यायची वेळ आली, तेव्हा विमानाला ध्वनिक्षेपक बांधून रेडिओवरच्या लिबिया आणि वामन या दोघांनाच गोव्यावर फिरवले गेले. सहा वर्षांत कमावलेली ओळख त्या दिवशी कामी आली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही नावे शिकल्यासवरल्या घरांतलीच आहेत. खरे आहे, आणि त्याचे एक कारण पुन्हा ती मोजपट्टीच. केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी पुरुषांना सर्वसाधारणपणे निदान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागतो, स्त्रियांना तीन. भूमिगतांनाही ती मिळू शकते, पण कागद हवा. वॉरंट, बक्षीस, हद्दपारी, असे काहीतरी शिक्क्यानिशी. सीमेवर सत्याग्रह्यांच्या पंगती उठवणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या बाईवर वॉरंट कोण काढणार? ती पकडली गेली नाही, म्हणजे काम चोख झाले. आपण मात्र नेमके त्याच कारणाने तिला यादीतून गाळतो. लिबिया लोबो सरदेसाई यांचे नाव, आवाज आणि तारखा सगळे नोंदलेले असूनही पद्मश्री जाहीर व्हायला २०२५ उजाडले. तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती.