पाळणाघर कुठं हवं? कोल्हापूरच्या निमित्तानं

आज आपण पाळणाघराविषयी बोलणार आहोत, पण सुरुवात घड्याळापासून करू. कपिलतीर्थ मंडईत भाजी विकणाऱ्या बाईचा दिवस पहाटेच सुरू होतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी संध्याकाळीच मोकळ्या होतात. अंगणवाडी मात्र काही तासांत सुटते, आणि तिथं रोज बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. मग दीड वर्षाच्या बाळाचं काय? ते शेजारच्या आजीकडं, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे बहिणीची शाळा बुडाली.

यात अंगणवाडीला कमी लेखायचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काय केलं? मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. आपण धरायचं सूत्र तेच: सोय मुलाजवळ न्यायची.

आता कायदा बघू. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. चांगलं झालं. पण भाजीवालीला मालकच नाही, मावशींचे मालक चार. त्यांच्यासाठी पुढं यायचं कुणी? इथं महापालिका येते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं, एक सेविका, एक मदतनीस आणि दिवसाला साडेसात तास असा हिशेब आहे. तो किमान मानू. कारण रांगणारी मुलं जास्त असली, तर दोन माणसांचे हात पुरत नाहीत.

जागा कशी निवडायची? मंडईवाल्या बाईला पाळणाघर मंडईजवळ हवं, मधेच जाऊन अंगावर पाजता यावं म्हणून. मावशींना ते वस्तीत हवं. म्हणजे एकच मोठी इमारत बांधून भागत नाही. महापालिकेच्या शाळांतल्या रिकाम्या खोल्या, मंडईतला एखादा गाळा, असं लहान लहान पसरावं लागतं. लहान मुलांसाठी तळमजला बरा, हे खरं. पण २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आपण पाहिलाय. तेव्हा आधी पूररेषा बघायची, मगच तळमजला. बुटका संडास, पाजायला आडोसा, झोपायला शांत कोपरा आणि दाराशी कडी, एवढं नकाशातच यायला हवं. आणि वेळ? ती कार्यालयाची नको, आईच्या कामाची हवी. इमारत चांगली आणि कुलूप दुपारी दोनला, तर उपयोग काय?

याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत आणणं ही राज्याची जबाबदारी ठरली. आज कडेवरच्या बाळामुळं एखादी मुलगी शाळेबाहेर राहत असेल, तर ती जबाबदारी अजून पुरी झालेली नाही. पुढच्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी किती पाळणाघरं धरलीत, हे आपण विचारूया.