गोधडीला धरून ठेवतं कोण?

घरात जुनी गोधडी असेल तर तिचा एखादा दोरा नखाने उचलून ओढून पाहा. तो निघत नाही. डिंक नाही, बटण नाही, कसलीही कडी नाही. दोऱ्याच्या सुरुवातीला एक गाठ, शेवटाला एखादा उलटा टाका, आणि मधल्या सगळ्या लांबीत सुई नुसती खाली-वर, खाली-वर गेलेली. शिवणकामातला सगळ्यांत साधा प्रकार, धावदोरा. पहिल्यांदा सुई धरणाऱ्या मुलीला तोच शिकवतात. आणि तरी ही गोधडी वर्षानुवर्षं अंगाखाली तुडवली जाते, ओढ्याच्या दगडावर आपटली जाते, दोरीवर पिळून टाकली जाते, आणि एकसंध राहते. यामागचं कारण समजून घेऊ लागलं की गोधडीकडे पाहण्याची नजरच बदलते.

गोधडी हे मुळात उन्हाळ्याचं काम. रब्बीचं धान्य घरात आलेलं असतं, मृगाची पेरणी लांब असते, दिवस मोठा असतो आणि दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. सकाळच्या उन्हात पापड-कुरडया वाळत पडल्या की जेवणं उरकून सोप्यात किंवा ओसरीवर जुनेरं पसरली जातात. गरज मात्र पुढची असते, पावसाळ्यातल्या ओल्या गार रात्रींची. वैशाखात घाम पुसत शिवायची आणि आषाढात पांघरायची. शिवाय धुतल्यावर पाणी पिऊन जड झालेली गोधडी आतल्या थरापर्यंत वाळवायची तर एप्रिल-मेचंच ऊन लागतं.

काम सुरू होतं ते निवडीपासून. चांगलं लुगडं वरच्या बाजूला, विरलेली आत, आणि अगदीच फाटकी असतील त्यांची ठिगळं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे एकाच लुगड्याच्या घड्यांतून कितीतरी थर निघतात. जमीन झाडून, कापड ताणून, सुरकुती हाताने पुसत कोपऱ्यांवर पाट नाहीतर वरवंटा ठेवायचा. मग लांब अंतरावर कच्चे टाके, आणि त्यानंतर खरी शिलाई. बऱ्याच घरांत ती कडेपासून सुरू होऊन चौकोनामागून चौकोन आत सरकत मध्यापर्यंत जाते. गोधडी मोठी असेल तर चार बाजूंना चौघी बसतात, अगदी गोधडीवरच. शेजारीण नुसती बोलायला आलेली असते आणि बोलता बोलता तिच्याही हातात सुई येते.

आता थोडा हिशेब करू. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी, दोन ओळींत अर्धा इंच अंतर. एकूण 96 ओळी, म्हणजे 576 फूट शिलाई. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून अर्धा इंच धरला तर टाके होतात 13,824. एका घरातल्या एका गोधडीत जवळजवळ चौदा हजार वेळा सुई खाली जाऊन वर आलेली असते.

पण टाक्यांकडे वळण्याआधी दोऱ्याकडे पाहायला हवं, कारण नवल तिथूनच सुरू होतं. काही अंगणांत वातींसाठी देवकापसाचं झाड जपलेलं असतं. कोरड्या दिवसांत त्याचं बोंड उकललं की आतून जो पांढरा पुंजका बाहेर येतो, त्यातला प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. एकच! कापसाचं फूल ज्या दिवशी उमलतं, साधारण त्याच दिवशी आतल्या कोवळ्या बीजाच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर उठतात आणि वाढत सुटतात. शेताशेतांत दिसणाऱ्या अमेरिकन जातीच्या कापसात अशी पेशी सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते, तिच्या स्वतःच्या रुंदीच्या हजारपटीहूनही जास्त. एकेका सरकीवर असे हजारो तंतू असतात. मग पेशीच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात, बोंड फुटतं, पेशी सुकते आणि ती पोकळ नळी चपटी होऊन स्वतःभोवती पिळत जाते. हे नैसर्गिक पीळच पुढे सूत कातताना एका तंतूला दुसऱ्यात अडकायला मदत करतात.

माणसाला ही किमया फार पूर्वी कळली होती. बलुचिस्तानात मेहरगढ इथे नवाश्मयुगीन दफनात तांब्याचा एक मणी सापडला. त्याच्या भोकात कापसाचा धागा होता, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातला. तांब्याच्या क्षारांनी तंतूंचं जणू दगडात रूपांतर केलं होतं, म्हणून तो टिकला. आणि सुई तर त्याहून कितीतरी जुनी: सैबेरियात सापडलेल्या नेढं असलेल्या हाडाच्या सुया सुमारे 40,000 वर्षांपूर्वीच्या आहेत. शेती नव्हती, मडकी नव्हती, पण सुईला नेढं पाडलेलं होतं.

आता खरा प्रश्न. तंतू तीन सेंटिमीटरचा आणि रीळ कित्येक मीटरचं. तंतूला तंतू चिकटवलेला नाही, गाठ मारलेली नाही. मग ओढल्यावर सगळे तंतू एकमेकांतून सरकून धागा सुटून का जात नाही? हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात त्याने विचारलं, की दोन-तीन हात लांबीच्या आखूड तंतूंपासून वळलेला शंभर हातांचा दोर इतका भक्कम कसा? पिळामुळे तंतू एकमेकांना आवळतात, हे त्याने ओळखलं होतं. पण या आवळण्याचं नेमकं गणित पॅट्रिक वॉरन, रॉबिन बॉल आणि रेमंड गोल्डस्टाइन या तीन शास्त्रज्ञांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात मांडलं ते 2018 साली. चंद्रावर माणूस जाऊन आला होता, आणि अंगातला सदरा सुटून का पडत नाही याचं समाधानकारक गणित अजून व्हायचं होतं!

उत्तर आहे घर्षण, पण एकट्यादुकट्या तंतूचं नव्हे. पीळ दिलेला धागा ओढला की पीळ आणखी घट्ट होतो, तंतू एकमेकांवर दाबले जातात, आणि दाब वाढला की घर्षण वाढतं. म्हणजे तोडण्यासाठी लावलेला जोरच धाग्याला बांधून ठेवतो. प्रत्येक तंतूची पकड अगदी किरकोळ असते. पण एकमेकांना भिडलेल्या जागा पुरेशा झाल्या की एक उंबरठा ओलांडला जातो आणि त्या क्षणापासून धागा सुट्या तंतूंचा जुडगा राहत नाही. मग जास्त जोर लावला तर तंतू तुटतील, पण निसटणार नाहीत.

हेच घर्षण पुढे टाक्यात काम करतं, मात्र वेगळ्या रीतीने. बंदरात खलाशी दोराचे दोन-तीन वेढे लोखंडी खुंटाला देतो आणि एका हाताने अख्खं जहाज थोपवून धरतो. वेढ्यांबरोबर पकड किती वाढते, त्याचं सूत्र अठराव्या शतकात ऑयलरने दिलं. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर एका वेढ्याने हाताचा जोर सुमारे साडेसहापट होतो, दोन वेढ्यांनी 43 पट, तिसऱ्याने जवळजवळ 285 पट. बेरीज नाही, प्रत्येक वेढ्याला गुणाकार. गोधडीतला दोरा दर टाक्याला कापडात शिरताना वळतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. ही छोटी छोटी वळणं साठत जातात आणि थोड्याच टाक्यांत त्यांचे वेढे होतात. मधला एखादा दोरा घासून तुटला तरी तिथून पुढचं सगळं उसवत जात नाही, कारण दोन्ही बाजूंच्या टाक्यांनी आपापला दोरा धरून ठेवलेला असतो. तांदळाच्या पोत्याचं तोंड साखळी टाक्याने शिवलेलं असतं, तिथे बरोबर उलट घडतं. योग्य टोक सापडलं की एका झटक्यात अख्खी शिवण मोकळी होते. पोतं उघडण्यासाठी तो टाका उत्तम. पण निजलेल्या लेकराच्या अंगावर मला धावदोराच हवा.

ऊब येते कुठून? कापडातून थोडी, खरी येते ती कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेतून. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाण्याच्या तुलनेत सुमारे चोवीसपटींनी वाईट. कपड्यांतली ऊब तंतूंमध्ये कोंडलेल्या हवेमुळे असते, हे बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रम्फर्ड याने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखवलं, आणि उष्णतेवरच्या संशोधनासाठी 1792 साली त्याला लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं. गोधडीचे पाच-सात थर म्हणजे हवेचे पातळ पातळ पडदे. टाके त्यांना सरकू देत नाहीत, एका जागी गोळा होऊ देत नाहीत. आणि जुनेरंच का? कारण नव्या साडीतली खळ शेकडो धुण्यांत निघून गेलेली असते, धागे सैलावलेले असतात, कापड अंगाच्या वळणाने पडतं. सूत हवेतला ओलावाही स्वतःत घेतं, साधारण हवामानात स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के घेतं. म्हणून सिंथेटिक साड्यांची गोधडी दिसायला झकास असली तरी रात्री अंगाला चिकचिक होते.

साध्या धावदोऱ्यावर किती मुलखांनी भरवसा ठेवला आहे! बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली. जपानच्या उत्तरेला त्सुगारू भागात थंडीमुळे कापूस पिकत नव्हता आणि शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी होती. तिथल्या बायकांनी हेंपच्या विरळ कापडाची छिद्रं सुती दोऱ्याच्या टाक्यांनी भरून काढली, ऊब मिळवली, आणि त्यातून जी नक्षी तयार झाली ती आज कोगिन म्हणून जगभर वाखाणली जाते. आपल्या अगदी शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या रानांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आणि अनेकदा पोर्तुगिजांच्या गोव्यातून निसटून रानात शिरलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांतले बरेच जण कोकणी बोलतात. त्यांच्या कवंदीत भडक रंगांचे तुकडे कडेपासून आत फिरत फिरत जोडले जातात आणि कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुलं बसवल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. मला या सगळ्यांत कवंदी सर्वांत धीट वाटते. तिच्यात रंगांना कुणी भीत नाही.

याच उन्हाळी सुट्टीत घरोघर आणखी एक काम निघतं, आणि त्यातलं शास्त्र गोधडीच्या नेमकं उलट आहे. नानखटाई. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने पांढरी फटक होईपर्यंत फेसायची, त्यात मैदा, थोडा रवा, वेलची घालून हलक्या हाताने गोळा करायचा. पूर्वी पीठ डब्यात घालून बेकरीत न्यायचे. पाव काढून झालेल्या भट्टीच्या उरलेल्या धगीवर नानखटाया भाजून मिळायच्या. घरच्या घरी जाड पातेल्यात वाळू तापवूनही त्या सुरेख होतात. इथे सगळी धडपड एवढ्यासाठी असते की पिठातल्या धाग्यांनी एकमेकांना धरू नये. गव्हातल्या दोन प्रथिनांना पाणी मिळालं की त्यांची लवचिक जाळी होते, जिला ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटली जाते ती तिच्या जोरावर. तूप पिठाच्या कणांभोवती बसून पाण्याला आणि या जाळीला वाट देत नाही. बाजारच्या लोण्यात सोळाएक टक्के पाणी असतं, नीट कढवलेल्या तुपात जवळजवळ नसतंच. तुपातली नानखटाई जिभेवर विरते त्याचं कारण हे. पीठ मळू नकोस, नुसतं एकत्र कर, असं आजी का सांगायची तेही यात आलं. एकाच दुपारी, एकाच घरातले हात ओसरीवर तंतूंना जखडून ठेवत असतात आणि स्वयंपाकघरात त्यांना एकमेकांपासून दूर ठेवत असतात.

तेव्हा या मे महिन्यात कपाट आवरायला घ्याल तर सगळ्या जुन्या सुती साड्या बोहारणीच्या टोपलीत टाकू नका. दोन बाजूला काढा. सूत आहे की नाही अशी शंका असेल तर काठाचा एक धागा काढून जाळून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि भुरभुरीत राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुरुवात मोठ्या गोधडीने करू नका. मीटरभर लांब-रुंद दुपटं घ्या, तीन किंवा चार थर, जाड सुती दोरा, लांब सुई आणि बोटात अंगुस्तान. घरात किंवा शेजारी सत्तरीची एखादी बाई असेल तर तिला पहिली ओळ घालायला सांगा आणि तिची सुई कापडातून किती टाके भरून एकदम वर येते ते पाहा. मग तुम्ही बसा. ओळी वाकड्या आल्या तर उसवू नका. पकडीला सरळ रेषा लागत नाही, आणि वाकड्या ओळीत दोऱ्याला वळणं जास्तच मिळतात.