कुत्र्यांमधील त्वचेची अ‍ॅलर्जी
कुत्र्यांमधील त्वचेची अ‍ॅलर्जी (अधिहर्षता) हा एरवी निरुपद्रवी असणाऱ्या पदार्थांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादामुळे होणारा विकार आहे. सतत खाजवणे, पंजे चाटणे, केस गळणे व कान लाल होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

कारणे
पिसवांची लाळ, धुळीतील माइट, परागकण, बुरशी व आहारातील प्रथिने ही प्रमुख कारणे आहेत. उष्ण व दमट हवा पिसवांच्या वाढीस पोषक असल्याने पालघर, बोईसर-तारापूर या किनारी पट्ट्यात वर्षभर पिसूनियंत्रण आवश्यक ठरते. पावसाळ्यात ओलसर राहणाऱ्या त्वचेवर जिवाणू व यीस्टचा संसर्गही होतो.

निदान
खरजेची लक्षणे अ‍ॅलर्जीसारखीच दिसतात. खरूज संसर्गजन्य असून ती माणसांनाही त्रास देते; तिच्यावर चुकून स्टेरॉइड दिल्यास ती बळावते. त्यामुळे प्रथम त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आहारजन्य अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी सुमारे ८ आठवडे पूर्वी न दिलेल्या प्रथिनांचा आहार देतात.

उपचार
पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पिसूनाशके, औषधी शॅम्पू, खाज शमवणारी औषधे व संसर्ग असल्यास प्रतिजैविके देतात. घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. मात्र कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरांना घातक असते. अंथरूण गरम पाण्याने धुतात. रॉकेल वा जळके ऑइल लावल्यास त्वचा भाजते व चाटल्याने विषबाधा होते. हा विकार बहुधा पूर्ण बरा होत नाही, पण नियमित उपचारांनी आटोक्यात राहतो.