नळीतला पहिला तास

‘रक्त तपासून घ्या,’ असे डॉक्टरांनी सांगितले की आपण उपाशीपोटी लॅबमध्ये जातो, हात पुढे करतो आणि संध्याकाळी रिपोर्ट आणतो. यंत्राने छापलेल्या आकड्यावर शंका कोण घेणार? पण आपल्यापुढे रक्त येईपर्यंत त्याचे काय झाले, हे यंत्राला कसे कळावे?

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका गावात आजींचे रक्त घेतले. परभणीची लॅब चाळीसेक किलोमीटरवर. महिना मे, पारा ४२ च्या पुढे. नळीतल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, रक्तद्रव वेगळा केला नाही, तर साखर तासाला ५ ते ७ टक्के उतरते. उन्हाळ्यात त्याहून वेगाने. वाढलेली साखर रिपोर्टात बरी दिसते आणि आजींचे औषध राहून जाते. नळी जोरात हलवली तर पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटींहून अधिक असते. ते बाहेर सांडले की धडधाकट माणसाच्या हृदयाचीही काळजी वाटावी, असा आकडा येतो.

तपासणारे यंत्र जुनेच. अमेरिकेतील लेनर्ड स्केग्ज यांचे ‘ऑटोअ‍ॅनलायझर’ १९५७ मध्ये बाजारात आले. त्याआधीची तयारी मात्र हातानेच चाले: नाव लिहा, अर्धा तास रक्त गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, टोपण काढा, रक्तद्रव वाटून घ्या. जपानच्या कोची वैद्यकीय महाविद्यालयात मासाहिदे सासाकी यांनी १९८० च्या दशकात नळ्या सरकत्या पट्ट्यावर चढवल्या. आज मोठ्या शहरांतल्या मोठ्या लॅबमध्ये बारकोड वाचण्यापासून वाटपापर्यंतची कामे यंत्रे करतात. त्यामुळे नमुन्यांची अदलाबदल आणि सांडलवंड पुष्कळ कमी होते.

पण हा पट्टा लॅबच्या दारापासून सुरू होतो. गावापासून दारापर्यंतचा रस्ता माणसांच्याच हाती. तिथे उपाय साधे आहेत: रक्त घेतले तिथेच छोटे सेंट्रिफ्यूज, नमुन्यांसाठी थंड डबा, साखरेसाठी फ्लोराइडची राखाडी टोपणाची नळी. तीही पहिल्या तास-दोन तासांतली घसरण पुरती थांबवत नाही. म्हणून वेळ पाळायलाच हवी.

आपणही दोन प्रश्न विचारावेत. नळीवर नाव माझ्यासमोर लिहिले का? नमुना इथून किती वाजता निघणार? आणि रिपोर्ट प्रकृतीशी जुळत नसेल, तर घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारून पुन्हा रक्त द्यावे.