रोजची एक गोळी आणि आपली सोबत



१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. या दिवशी अनेक मंडळ्यांत प्रार्थना होते आणि प्रार्थनेनंतर हमखास एक प्रश्न येतो : "एचआयव्हीवर औषध निघालं का हो?" उत्तर आहे : होय. विषाणू शरीरातून पूर्ण घालवणारे औषध अजून नाही. पण रोज न चुकता घेतल्यास माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगू शकेल, असे औषध आहे आणि आपल्या देशात ते सरकारी केंद्रांत मोफत मिळते. पंचवीस वर्षांपूर्वी तसे नव्हते. हा बदल कसा झाला आणि आता नेमके कुठे अडते, ते समजून घेऊ.

औषध गरिबाच्या हाती कसे आले?

तीन औषधे एकत्र दिली की विषाणू दबून राहतो, हे १९९६ च्या सुमारास स्पष्ट झाले. श्रीमंत देशांत मृत्यू झपाट्याने घटले. पण एका माणसाचा वर्षाचा औषधखर्च १० ते १५ हजार डॉलर होता. आफ्रिकेतल्या किंवा आपल्याकडच्या मजुराला तो कसा झेपणार?

वाट निघाली ती मुंबईतून. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यानुसार त्या काळी औषधावर नव्हे, तर औषध बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत असे. त्यामुळे तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवण्याची मुभा आपल्या कंपन्यांना होती. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या सेवाभावी संस्थेला तीन औषधांचा वर्षभराचा संच ३५० डॉलरला देऊ केला. म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी. पुढे तिन्ही औषधे एकाच गोळीत आली, इतर भारतीय कंपन्याही उतरल्या आणि किंमत उतरत गेली. ग्लोबल फंडने २०२३ मध्ये मिळवलेला दर वर्षाला ४५ डॉलरच्या आत होता.

औषध स्वस्त झाले तरी ते विकत घेऊन पोहोचवायला पैसा लागतो. त्यासाठी २००२ मध्ये ग्लोबल फंड आणि २००३ मध्ये अमेरिकेची 'पेपफार' योजना सुरू झाली. परिणाम आकड्यांत दिसतो. २००४ मध्ये जगात एड्सने सुमारे २१ लाख माणसे दगावली, २०२३ मध्ये सुमारे ६ लाख ३० हजार. त्या वर्षी विषाणूसह जगणाऱ्या सुमारे ३ कोटी ९९ लाख लोकांपैकी ३ कोटी ७ लाख उपचार घेत होते.

भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू झाले. आरंभी प्रतिकारशक्ती बरीच घटल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून तपासणीत लागण आढळली की लगेच उपचार देण्याचे धोरण आहे.

गोळी काय करते?

गोळी रोज घेतली की रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तपासणीतही मोजता येत नाही. अशी पातळी टिकून असेल, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंधही ठरतो.

आईकडून बाळाला होणारी लागणही टाळता येते. काहीच उपचार नसतील, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. गरोदरपणी तपासणी, आईला औषध आणि जन्मानंतर बाळाला औषध, एवढे झाले तर हे प्रमाण ५ च्याही खाली येते. म्हणून पाड्यावरची गरोदर बाई लवकरात लवकर तपासणीला पोहोचणे फार मोलाचे आहे.

मग अडते कुठे?

गोळीत खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. आपल्या भागातील गोंड, कोलाम कुटुंबे कामासाठी महिनोन्‌महिने गाव सोडतात. केंद्रावर जायचे तर एसटीचे भाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. बाहेरगावी जाण्याआधी केंद्रात सांगितले, तर पुढची सोय करता येते आणि नाव दुसऱ्या केंद्रात वर्गही होते. पण हे अनेकांना ठाऊक नसते.

दुसरी अडचण भीतीची. वर्धा जिल्ह्याला ती नवी नाही. कुष्ठरुग्णांना गावाबाहेर काढले जाई, त्या काळी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला त्यांच्यासाठी काम उभे केले. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे कार्यकर्ते घरोघर जाऊन रुग्ण शोधत, लोकांना समजावत आणि औषध देत.

एचआयव्हीच्या बाबतीत मात्र घरोघर शोध घेऊन चालत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीविना तपासणी करता येत नाही, कोणाची लागण उघड करता येत नाही आणि नोकरी, शाळा, दवाखाना किंवा घर नाकारता येत नाही. तेव्हा कोणाला लागण झाली आहे, हे आपण शोधायचे नाही. ज्याला सांगावेसे वाटेल त्याला निर्धास्तपणे सांगता येईल, अशी मंडळी आपण व्हायचे.

आपण काय करू शकतो?

• एकत्र जेवण्याने, हात मिळवण्याने किंवा डासांमुळे एचआयव्ही होत नाही, हे स्पष्टपणे सांगावे.
• लग्न ठरलेल्या तरुणांना आणि गरोदर भगिनींना स्वेच्छेने तपासणी करण्यास प्रोत्साहन द्यावे. जिल्हा रुग्णालयात ती मोफत व गुप्त असते.
• प्रवासखर्चाची मदत देताना आजार कोणता, हे विचारू नये.
• माहितीसाठी १०९७ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक सर्वांना द्यावा.

पुढचे पाऊलही पडले आहे. लेनाकॅपाविर नावाचे, वर्षातून दोनदा घ्यायचे प्रतिबंधक इंजेक्शन दक्षिण आफ्रिका व युगांडातील चाचणीत २,१३४ तरुणींना दिले गेले आणि त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. मात्र २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा आफ्रिकेतील कित्येक दवाखाने अडचणीत आले. आपला राष्ट्रीय कार्यक्रम मुख्यतः केंद्र सरकारच्या पैशावर चालतो, ही जमेची बाजू.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या आणि तो तिथेच थांबला नाही. उतारशाळेत पुढच्या दिवसांचा खर्च दिला आणि परत येण्याचा शब्दही दिला. एचआयव्हीचा उपचार जन्मभराचा आहे. औषध सरकार देते. पुढच्या दिवसांची सोबत आपल्याला द्यायची आहे.