कांजी अक्षरांतील ध्वनी

जपानी वाचक चिनी वळणाच्या अक्षरांतून थेट अर्थच ग्रहण करतो, ध्वनीशी त्याला कर्तव्य नसते, असा समज बराच रूढ आहे. आमच्या मते तो टिकत नाही.

जपानी वाक्यात ध्वनिदर्शक 'काना' आणि चीनमधून आलेली 'कांजी' ही अक्षरे एकत्र नांदतात. नित्य वापरासाठी शासनाने २०१० साली निश्चित केलेल्या कांजी २१३६ आहेत. त्यांपैकी अनेकांत एक घटक अर्थ सुचवितो, दुसरा ध्वनी. बौद्ध मंदिराचे अक्षर घ्या. त्याचा चिनी परंपरेतील उच्चार 'जी'. तेच अक्षर 'काळ' आणि 'धारण करणे' या अर्थांच्या अक्षरांत उजवीकडे बसते, आणि तेथेही उच्चार 'जी'च होतो. 'काव्य' या अक्षरात मात्र तो 'शी' होतो, 'वाट पाहणे' यात 'ताइ'! वाटाड्या खरा, पण पूर्ण भरवशाचा नव्हे. शिवाय एकाच अक्षराचे अनेक उच्चार असतात. बुद्धवाचक अक्षर कोठे 'बुत्सु', कोठे 'होतोके' वाचावे, हे संदर्भावरून ठरते.

मग वाचताना मनात ध्वनी उमटतो काय? रिचर्ड होरोडेक यांनी १९८७ च्या प्रबंधात याचा शोध घेतला. जपानी माणूस लिहिताना चुकतो तेव्हा चुकीचे अक्षर पुष्कळदा उच्चाराने बरोबर असते, आणि वाचतानाही अशी समध्वनी चूक नजरेतून सहज निसटते. अर्थात ध्वनी हाच एकमेव मार्ग नव्हे. मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांना काना वाचता येते, कांजी नाही. काहींचे नेमके उलट होते.

आपल्या परिचयाचा 'पञ्ञा' हा शब्द जपानात 'हान्न्या' झाला. तो लिहिताना योजलेल्या दोन अक्षरांपैकी दुसऱ्याचा एरवीचा अर्थ 'तरुण'. येथे त्या अर्थाचा काही उपयोग नाही, केवळ नादासाठी ते अक्षर घेतले आहे.

ईशान्य जपानातील नाम्बु प्रदेशात एदो काळात निरक्षरांसाठी चित्रांचे हृदयसूत्र तयार झाले. 'माका हान्न्या हारामिता' हे शब्द त्यात असे येतात: उलटे भांडे, कारण भांडे म्हणजे 'कामा' आणि उलटे वाचले की 'माका', मग 'हान्न्या' नावाचा राक्षसी मुखवटा, पोट म्हणजे 'हारा', सूप म्हणजे 'मी', आणि भातखाचर म्हणजे 'ता'. एकही अक्षर न शिकलेला शेतकरी ही चित्रे पाहून सूत्र म्हणत असे.