ओंबीच्या एका तुकड्याची नोंद : भूमध्य सागरी प्रदेशातील वनस्पती, दगडफूल व बुरशींचे सर्वेक्षण



गहू, हरभरा, मसूर आणि वाटाणा ही पिके आपण रब्बीतच का घेतो, याचा कधी विचार केला आहे काय? या पिकांचे मूळ घर भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापासून तुर्कस्तानापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. बी थंडीच्या तोंडाला उगवते, थंडीत वाढते आणि ऊन तापण्यापूर्वी पक्व होते. माणसाने हजारो वर्षांपूर्वी ही पिके तेथून उचलली, पण त्यांनी आपली हंगामाची सवय सोडली नाही.

या पिकांचे रानटी भाऊबंद आजही तेथील माळावर उभे आहेत. ते कोठे आहेत, किती आहेत आणि कोणत्या जमिनीत वाढतात, याची पद्धतशीर नोंद करणे म्हणजे सर्वेक्षण. हे काम वरवर पाहता शेतीपासून दूरचे वाटते. पण आपल्या गव्हाला तांबेऱ्यापासून वाचविण्यात या नोंदींचा मोठा वाटा आहे. तो कसा, हे या लेखात पाहू.

प्रदेशाची ओळख

स्पेन व मोरोक्कोपासून तुर्कस्तान, लेबनॉन व इस्राएलपर्यंत भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात सुमारे २५ हजार प्रजातींच्या वनस्पती आढळतात. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या जगात इतरत्र कोठेही नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या यादीनुसार एकट्या इटलीत प्रजाती व उपप्रजाती मिळून ८,१९५ स्थानिक वनस्पती आहेत. बेटे, डोंगर, चुनखडीचे खडक आणि हजारो वर्षांची चराई व शेती यांमुळे येथे थोड्या अंतरावर झाडोरा बदलतो.

एवढ्या देशांतील काम एकट्या संस्थेच्या आवाक्यातले नाही. म्हणून या प्रदेशातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांनी १९७४ साली ‘ऑप्टिमा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. फुलझाडांबरोबर दगडफूल आणि बुरशी यांचाही अभ्यास तिच्या कार्यात येतो.

एका ओंबीची हकीकत

कोट्शी या ऑस्ट्रियन वनस्पतितज्ज्ञाने १८५५ साली हर्मोन पर्वताच्या परिसरात रानटी सातूचे नमुने गोळा केले. ते वाळवून, चिठ्ठी लावून व्हिएन्नाच्या संग्रहात ठेवण्यात आले. अठरा वर्षांनी, १८७३ मध्ये, क्योर्निके हे जर्मन शास्त्रज्ञ तो संग्रह तपासत होते. सातूच्या नमुन्यात त्यांना ओंबीचा एक वेगळा तुकडा आढळला. तो सातूचा नव्हता, रानगव्हाचा होता. चिठ्ठीवर ठिकाण लिहिलेले असल्यामुळे शोध कोठे घ्यायचा हे कळले.

पुढे १९०६ साली आरोनसोन या कृषितज्ज्ञाने गॅलिली भागातील रोश पिना गावाजवळ, चुनखडीच्या खडकाच्या भेगेत रानगव्हाचे जिवंत झाड शोधून काढले. हा गहू आपल्या खपली गव्हाचा पूर्वज होय. खपलीपासून बन्सी गटातील कठीण गहू निर्माण झाले आणि सरबती गव्हाच्या घडणीतही याच घराण्याचा भाग आहे.

रानगव्हाची ओंबी पक्व होताच तुटून गळते, त्यामुळे तो पीक म्हणून उपयोगाचा नाही. पण त्याच्या अंगी जे गुण आहेत, ते लागवडीच्या गव्हातून पुष्कळसे निघून गेले आहेत. इस्राएलमधील रानगव्हाच्या एका नमुन्यात पिवळ्या तांबेऱ्याला प्रतिकार करणारा जनुक मिळाला. त्याला ‘वायआर १५’ म्हणतात. त्याची रचना २०१८ साली उलगडली. रानगव्हातीलच दुसरा एक जनुक दाण्यातील प्रथिने, लोह व जस्त यांचे प्रमाण वाढवितो. त्याची रचना २००६ साली समजली.

आपल्याकडे सांगली, सातारा, कोल्हापूर भागांत घेतला जाणारा खपली गहूही या कामात मागे नाही. ‘खपली’ याच नावाने तो परदेशांतील संशोधन केंद्रांत पोहोचला. खोडावरील तांबेऱ्याला प्रतिकार करणारे ‘एसआर १३’ व ‘एसआर १४’ हे जनुक त्याच्यात मिळाले आणि ऑस्ट्रेलियात त्याचा संकर साध्या गव्हाशी करण्यात आला. जुना वाण कमी उत्पन्न देतो म्हणून तो नाहीसा होऊ देणे किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

वनस्पतींची पाहणी कशी करतात?

वनस्पतींच्या पाहणीसाठी मुख्यतः मार्च ते मे हा फुलोऱ्याचा काळ निवडतात. नकाशावर सारख्या आकाराच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीत काय आढळते, याची यादी करतात. प्रत्यक्ष माळावर ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील प्रत्येक वनस्पती नोंदवितात. फ्रान्समधील माँपेलिए येथे काम केलेल्या ब्राउन-ब्लांके यांची पद्धत यासाठी फार प्रचलित आहे. तिच्यात वनस्पतीने किती जमीन झाकली आहे, यावरून अंक देतात :

५ – तीन चतुर्थांशाहून अधिक जमीन झाकलेली
४ – निम्मी ते तीन चतुर्थांश
३ – एक चतुर्थांश ते निम्मी
२ – शेकडा ५ ते २५
१ – शेकडा ५ पेक्षा कमी
अधिक चिन्ह – अगदी तुरळक झाडे

दहा वर्षांनी दुसरा मनुष्य त्याच तुकड्यात गेला, तरी काय वाढले आणि काय घटले हे त्याला अंकांवरून सांगता येते. ‘गवत बरेच होते’ एवढेच लिहिले असते, तर काहीच सांगता आले नसते.

दगडफुलाची पाहणी

आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. ती एकच वनस्पती नसून बुरशी आणि शेवाळ यांचा भागीदारीचा संसार असतो. त्याला मुळे नसतात. पाणी व अन्नद्रव्ये ते पावसातून, दवातून व हवेतून सर्वांगाने शोषून घेते. त्यामुळे हवेतील दोष त्याला लवकर बाधतो. इटलीत दगडफुलाचे २,७०० हून अधिक प्रकार नोंदविले गेले आहेत.

झाडाच्या खोडावरील दगडफूल मोजण्याची युरोपातील प्रमाणित पद्धत साधी आहे. जमिनीपासून एक मीटर उंचीवरून सुरू होणारी, १० सें.मी. रुंद व ५० सें.मी. लांब अशी शिडीसारखी जाळी खोडाच्या उत्तर, पूर्व, दक्षिण व पश्चिम अशा चारही बाजूंना लावतात. प्रत्येक जाळीत १० सें.मी. च्या पाच चौकटी असतात. म्हणजे एका झाडावर एकूण २० चौकटी होतात. प्रत्येक प्रकारचे दगडफूल किती चौकटींत आहे, ते मोजून बेरीज करतात. त्यासाठी सरळ वाढलेले व इजा न झालेले झाड निवडतात. चुना लावलेले खोड घेत नाहीत.

इटलीच्या व्हेनेतो प्रांतात अशी पाहणी मोठ्या प्रमाणावर झाली. जेथे दगडफुलाचे प्रकार कमी होते, तेथे तरुण पुरुषांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक असल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. दगडफूल नसल्याने रोग होतो, असा याचा अर्थ नाही. एकाच दूषित हवेचे परिणाम दोन्हींवर दिसत असावेत, असा त्यातून बोध घेण्यात आला.

पशुपालकांनाही ही पाहणी उपयोगी आहे. पोर्तुगालमध्ये गोठ्याभोवतीच्या ओक झाडांवर आणि इटलीत वराहपालन केंद्राभोवती अशा पाहण्या झाल्या. शेण-मूत्रातून उडणाऱ्या अमोनियामुळे जनावरांच्या जवळच्या झाडांवर नत्रप्रिय दगडफूल वाढते आणि नत्र न सोसणारे प्रकार नाहीसे होतात. किती अंतरापर्यंत अमोनिया पोहोचतो, हे झाडांची खोडेच सांगतात.

बुरशी व अळिंबी

बुरशीची पाहणी सर्वांत अवघड. तिचे खरे शरीर म्हणजे जमिनीतील धागे. छत्री दिसते ती पावसानंतर थोडे दिवस. म्हणून एकदा जाऊन भागत नाही. स्पेनच्या कॅटालोनिया भागात पाइनच्या वनात कायमचे तुकडे आखून शरद ऋतूत दर आठवड्याला अळिंबी मोजतात व वजन करतात. आता मातीतील जनुकद्रव्य तपासून, छत्री न उगवताही बुरशी ओळखता येते. तरीही प्रत्यक्ष पाहणीची गरज संपलेली नाही.

या अळिंबींपैकी कित्येक झाडांच्या मुळांशी भागीदारी करतात. हीच ती मायकोरायझा. नारिंगी रंगाची, चीक असणारी एक अळिंबी कॅटालोनियात आवडीने खाल्ली जाते. पोब्लेट येथील पाइन वनात झाडांची विरळणी केल्यावर लगेच तिचे उत्पन्न वाढल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. नियमित वजने लिहिलेली नसती, तर ही वाढ विरळणीमुळे झाली की पावसामुळे, हे ठरविता आले नसते.

जमिनीखाली वाढणाऱ्या काळ्या ट्रफल या मौल्यवान बुरशीची तर तेथे शेतीच होते. ओकच्या रोपांच्या मुळांवर ट्रफलची लागण करून ती शेतात लावतात. स्पेनमधील तेरुएल प्रांतात अशा बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. ट्रफल वाढू लागली की झाडाभोवतीचे गवत मरून जळाल्यासारखे वर्तुळ दिसते. पुढे शिकविलेल्या कुत्र्याच्या मदतीने ट्रफल शोधतात.

त्याच जागी पुन्हा जाणे

सर्वेक्षणाचे खरे मोल पुन्हा पाहणी केल्यावर कळते. गॅलिलीतील अमियाद येथे १९८४ पासून रानगव्हाची ओंबी जेथून घेतली, ती प्रत्येक जागा खूण करून ठेवली. पुढील ३६ वर्षांत त्याच खुणांवर जाऊन नमुने घेतले गेले. खडकाळ जागेतील वंश खडकाळ जागेत आणि सखल जागेतील वंश सखल जागेत टिकून असल्याचे त्यातून दिसले. म्हणजे रानगहू राखायचा तर एखादा कोपरा राखून भागत नाही. जागांची विविधताही राखावी लागते. ज्या माळावर इमारत उभी राहते, तेथील वंश शेजारच्या माळावर मिळेलच असे नाही.

आपण काय करावे?

हे काम शास्त्रज्ञांपुरते नाही. आपला बांध, गायरान किंवा देवराई यांची नोंद शेतकऱ्यालाही ठेवता येते.

१. एक वही करावी. प्रत्येक नोंदीत तारीख, गाव, नेमकी जागा, जमिनीचा प्रकार आणि स्थानिक नाव लिहावे.

२. ‘थोडे’, ‘फार’ असे न लिहिता संख्या किंवा वर दिलेले अंक लिहावेत.

३. नमुना घ्यायचा तर विपुल असलेल्या वनस्पतीची फुलासह फांदी घेऊन वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी. कागद रोज बदलावा. दुर्मिळ झाड उपटू नये.

४. दरवर्षी त्याच जागी, त्याच सुमारास पुन्हा पाहणी करावी.

५. घरातील जुन्या वाणाचे बी ठेवताना ते कोणाकडून व कोठून आले, हे पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

६. ओळख पटल्याशिवाय रानातील अळिंबी खाऊ नये. विषारी व खाण्याजोगी अळिंबी दिसण्यात अगदी सारखी असू शकते.

ओळख पटविण्यासाठी कृषि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे नमुना दाखवावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशी व दगडफुलांचा मोठा संग्रह आहे.

व्हिएन्नातील ओंबीचा तो तुकडा अठरा वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही, तरी वाया गेला नाही. त्याच्याबरोबर गावाचे नाव होते, म्हणूनच पुढचा शोध लागला. आपल्या वहीतील कोणती नोंद कोणाच्या केव्हा उपयोगी पडेल, हे आज सांगता येणार नाही. मात्र जी नोंद केलीच नाही, ती कोणाच्याच उपयोगी पडणार नाही. तेव्हा येत्या हंगामात बांधावरील एका तुकड्यापासून सुरुवात करावी.